बिनउंबऱ्याची खोली

आमच्या घराला पाच पायऱ्या होत्या आणि त्यांचा आमच्या आप्पांना भारी अभिमान होता. फुलेवाडीच्या पलीकडं, उसाचं रान मोडून पाडलेल्या प्लॉटांत आमचं घर. पावसाळ्यात तिथं काळ्या मातीचा नुसता राडा व्हायचा, म्हणून ज्याला जेवढं परवडेल तेवढं त्यानं जोतं उंच घेतलेलं. जोतं उंच म्हणजे घर खानदानी, असा आमच्या आळीचा सरळ हिशोब होता. आलेला पाहुणा पायऱ्या चढून दम खात म्हणायचा, "जोतं झ्याक घेतलासा की!" आणि आप्पा मिशीतल्या मिशीत हसायचे.

आत्तीला मात्र त्या पायऱ्या कधी एकटीनं उतरता आल्या नाहीत.

आत्ती म्हणजे आप्पांची थोरली बहीण. आमचं मूळ गाव नेसरीच्या बाजूचं, तिकडं आत्याला आत्तीच म्हणतात. लहानपणीच पोलिओनं तिचे दोन्ही पाय लुळे पडले होते. लग्न झालं नाही. आजी-आजोबा गेल्यावर आप्पांनी तिला कोल्हापूरला आमच्याकडं आणलं, तेव्हा मी प्राथमिक शाळेत होते. कमरेच्या वर बाई एकदम ठणठणीत. दंड तालमीतल्या पैलवानासारखे, आणि आवाज असा की सोप्यात बसून हाक मारली तर गल्लीच्या तोंडाशी भाजीवाली थांबायची. सोपा म्हणजे आमची बाहेरची खोली. तिथं तिचं अंथरूण होतं आणि तेच तिचं गाव.

आप्पा उद्यमनगरात एका वर्कशॉपमध्ये फिटर होते. कामाला जायच्या आधी ते तिला पाठंगुळीला घेऊन मागच्या संडासात न्यायचे आणि संध्याकाळी आल्या आल्या परत एकदा. मधल्या वेळात आई आणि मी मिळून न्यायचो, पण आईची कंबर धरायची आणि ते आत्तीला कळायचं. म्हणून ती पाणीच कमी प्यायची. भर उन्हाळ्यात ओठ फुटलेले, तरी म्हणायची, "तहान न्हाय गं मला." मला ते खरं वाटायचं.

घरामागच्या मोकळ्या जागेला आम्ही परडं म्हणतो. आमच्या आळीत परड्यात एखादी खोली नाही असं घर शोधून सापडलं नसतं. कुणाच्या खोलीत आयटीआयची पोरं भाड्यानं राहायची, कुणाच्या खोलीत एसटीचा कंडक्टर आणि त्याची बायको. एका परड्यात सासूशी न पटलेली सून होती, तर त्याला लागूनच्या परड्यात सुनेशी न पटलेली सासू. दोघी भिंतीवरून एकमेकींना आपापली गाऱ्हाणी सांगायच्या. दर दोन-चार वर्षांनी माणसं बदलायची, खोली तीच राहायची. कुणाचं लग्न निघालं, कुणाचं बाळंतपण आलं, कुणाचा म्हातारा गावाहून आला, की सगळ्यांना पहिली ती खोली आठवायची. आत कोण राहतंय हे मग आठवायचं.

आप्पांनी खोली बांधायला काढली ती मात्र फक्त आत्तीसाठी. मी सातवीत होते. उंच जोत्याच्या या माणसानं खोलीचं जोतंच घेतलं नाही. जमीन परड्याच्या बरोबरीची, सिमेंटचा गुळगुळीत कोबा. खिडकी इतकी खाली की बसल्या बसल्या परडं दिसावं. दिव्याची बटणं गुडघ्याच्या उंचीवर, नळ त्याच्याही खाली, स्वयंपाकाचा ओटा पाटाएवढा. आतच कोपऱ्यात संडास, भिंतीला धरायला लोखंडी दांड्या, त्या आप्पांनी वर्कशॉपमधून स्वतः वाकवून आणल्या. गवंडी हसून हसून बेजार. "मालक, माणसाचं घर बांधताय का कोंबड्यांचं खुराडं?"

आणि दाराला उंबरा नाही. पावसाचं पाणी आत येऊ नये म्हणून आप्पांनी दारासमोर आडवी चर काढून तिच्यावर जाळी बसवली आणि दाराच्या तळाला सायकलच्या ट्यूबची पट्टी ठोकली. एका रुंद फळीला खाली चार बेअरिंगं लावून त्यांनी आत्तीला गाडा करून दिला. हातात धरायला दोन लाकडी ठोकळे, त्यांना खालून टायरचं रबर. ठोकळे जमिनीवर टेकून रेटा दिला की गाडा पुढं. खोलीच्या दारापासून घराच्या बाजूच्या बोळातून थेट गल्लीपर्यंत सिमेंटची पट्टी ओतली.

पहिल्या दिवशी आत्ती खोलीतून निघाली, बोळातून गल्लीत गेली, परत आली आणि तशीच पुन्हा निघाली. आईनं विचारलं, "आता कुठं?"

"कुठं न्हाय," ती म्हणाली. आमच्याकडच्या जुन्या बायका पुरुषासारखंच बोलतात, तशी ती बोलायची. "उगंच जाऊन येतो."

दिवसभर ती उगंच जाऊन येत होती. संध्याकाळी तिनं तांब्या उचलला आणि गटागटा पाणी प्यायली. उन्हाळ्यातले ते फुटलेले ओठ मला तेव्हा कळले.

त्यानंतरची आठ-नऊ वर्षं आत्तीची होती, असं मी बिनदिक्कत म्हणते. जुन्या लुगड्यांच्या वाकळा, म्हणजे गोधड्या, शिवायचं काम तिनं सुरू केलं. मोठ्या सुईनं सरळ रेषेत असे टाके घालायची की बायका लांबून बोचकी घेऊन यायच्या. दुपारी तिच्या दारात बायकांचा मेळा. "माज्या घरात या की," असं ती म्हणायची, आणि 'माज्या' या शब्दावर जरा जास्तच जोर द्यायची. भाजीवालीला आता हाक मारायची नाही, स्वतः गल्लीच्या तोंडाशी जाऊन वांगी दाबून बघायची आणि भांडून दोन जास्तीची घेऊन यायची. मी कॉलेजातून आले की आधी तिच्याकडं चहाला जायचे. आमच्या घरात स्वतःच्या मालकीची जागा असलेला एकुलता एक माणूस तीच होती असं मला वाटायचं, कारण बाकी आम्ही सगळे दोन खोल्यांत एकमेकांच्या पायात पाय घालून राहत होतो.

मग माझ्या थोरल्या भावाचं, दादाचं, लग्न ठरलं.

मुलगी बिद्रीच्या बाजूची. स्वभावानं चांगली, रूपानं चांगली, आणि दादा आधीच पाघळलेला. प्रश्न एवढाच की नवी जोडी झोपणार कुठं. सोप्यात आप्पा आणि दादा, आतल्या खोलीत स्वयंपाक, आई आणि मी. माडी काढायची होती, पण लगेच जमणार नव्हतं. कुणी काही बोलत नव्हतं. आमच्या घरात एखादी गोष्ट मागायची असली की कुणी मागत नाही, सगळे नुसते गप्प बसतात, आणि समोरचा देईपर्यंत गप्पच बसतात. या गप्प बसण्याची मला आजही चीड येते. शेवटी आत्तीनंच तोंड उघडलं.

"नवी नवरी काय सोप्यात झोपवतासा? माजी खोली द्या की. माडी झाली की मी परत माज्या घरात."

आईनं पदरानं डोळे पुसले. आप्पा उठून बाहेर गेले. ठरलं.

लग्नाआधी मुलीकडचे घर बघायला आले. मुलीचे मामा म्हणजे त्यांच्याकडचा बोलका माणूस, पांढरा फेटा, मोठा आवाज. पाच पायऱ्या चढून ते खूश झाले. मग परड्यात आले, खोलीच्या दारात थांबले आणि खाली बघायला लागले.

"पावणं, दाराला उंबरा न्हाय?"

आप्पांनी सांगितलं, बहिणीचा गाडा जायला पाहिजे म्हणून ठेवला नाही.

"त्ये खरं. पर आमची पोरगी हितं नांदणार की! माप कशावर ठेवायचं? बिनउंबऱ्याचा गोठा असतोय, घर न्हाय."

नवी नवरी उंबऱ्यावरचं तांदळाचं माप पायानं लवंडून आत येते, हे कुणाला सांगायला नको. घराला उंबरा होताच, तिथं माप ठेवता आलं असतं. पण मामांचं म्हणणं, जिथं संसार करायचा तिथला उंबरा ओलांडायला पाहिजे. आणि खरं सांगायचं तर ते वाईट मनानं बोलत नव्हते. आमच्या आईच्याही मनात तेच होतं, फक्त ती बोलली नव्हती. रोज सकाळी कुठं हळद-कुंकू लावायचं, कुठं रांगोळीचं बोट ओढायचं, हा प्रश्न तिलाही पडला होता.

आप्पांनी एक तोड काढली. आमचे आप्पा फिटर, त्यांनी लाकडी उंबरा करून तो नटबोल्टनं बसवायचं ठरवलं. हवा तेव्हा घालायचा, नको तेव्हा काढायचा. त्यांनी कागदावर चित्रसुद्धा काढलं. मला ते इतकं सुंदर वाटलं होतं! पण मामांनी कपाळाला हात लावला.

"उंबरा काय काढ-घाल करायची वस्तू हाय व्हय? लगीन काय नटबोल्टाचं लावतासा?"

सगळे हसले. आप्पाही हसले आणि कागद घडी करून खिशात ठेवला. मी दारामागून म्हटलं, की असू दे की नटबोल्टचा, त्यात काय बिघडलं. आईनं माझ्याकडं असं बघितलं की मी पुढचं गिळलं. तू उद्या दुसऱ्याच्या घरी जाणार, तू या घराच्या भिंतीदारांबद्दल बोलू नकोस, हे ती न बोलता बोलायची.

आत्ती त्या वेळी खोलीतच होती. आतून तिचा तो आवाज आला, "बसवा की दगडी उंबरा! मी काय आता हितं ऱ्हाणार हाय?"

घडीव दगडाचा उंबरा आला. खाली हळद, अक्षता, सुपारी ठेवून, नारळ फोडून तो बसवला. चांगला वीतभर उंच. वहिनी माप लवंडून आत आली, तांदूळ कोब्यावर पसरले, फोटो निघाला. आत्ती सोप्यात अंथरुणावर बसून तिथनंच टाळ्या वाजवत होती, आणि तिचा गाडा परड्यात भिंतीला उभा करून ठेवला होता.

माडीचं काम रखडत गेलं, जसं सगळ्यांचं जातं. मधे आप्पांचं वर्कशॉप बंद पडलं आणि त्यांना दुसरीकडं लागायला वेळ गेला. मधे माझं लग्न झालं, मी गडहिंग्लजला गेले. आत्ती पाच पायऱ्यांच्या वर सोप्यात. आप्पांचं वय झालं होतं, आता दादा तिला उचलायचा. वाकळा ती सोप्यात शिवायची, पण बायका पायऱ्या चढून यायला कंटाळायच्या. आल्या तरी आई-आप्पांच्या समोर मोकळं हसायच्या नाहीत. मी माहेरी आले की बघायचे, तिच्या तांब्यातलं पाणी संध्याकाळपर्यंत तसंच असायचं. मी काही म्हटलं तर म्हणायची, "माडी हुतीया की आता."

वहिनीवर मला कधी राग धरता आला नाही. दोनदा तिला दिवस गेले आणि दोन्हीदा राहिलं नाही. ती उंबऱ्याला कुंकू लावताना डोळे मिटून उभी राहायची. तिच्याकडं बघून बोलणार कोण, आणि बोलणार काय?

शेवटी माडी झाली. दादा-वहिनी वर गेले. खोली मोकळी झाली, आईनं धुऊन काढली. मी मुद्दाम आले होते. दादानं आत्तीला उचलून खाली आणलं, गाड्यावर बसवलं, आणि गाडा दाराशी जाऊन थांबला.

आम्ही सगळे त्या दगडाकडं बघत उभे राहिलो. इतक्या वर्षांत तो तिथं आहे हे कुणी विसरलं नव्हतं, पण तो आडवा येणार आहे हे कुणी बोललं नव्हतं. दादा म्हणाला, "फोडून टाकू की, तासाभराचं काम." आणि तो छन्नी आणायला वळला तेव्हा आई हळू आवाजात म्हणाली, "आता नगं."

वहिनीला पुन्हा दिवस गेले होते. नुकतंच कळलं होतं. घरात गर्भार बाई असताना घराची तोडफोड करत नाहीत, खिळासुद्धा ठोकत नाहीत. आणि हा तर उंबरा, ती ओलांडून आली तो. माझं शिक्षण झालेलं, मला या सगळ्याचा अर्थ शून्य आहे हे माहीत होतं. पण माडीच्या कठड्याशी वहिनी पोटावर हात ठेवून उभी होती आणि तिच्या तोंडाकडं बघून मीही 'फोडा' म्हणू शकले नाही. तिसऱ्यांदाही काही झालं असतं, तर त्या छन्नीचा आवाज आम्हाला जन्मभर ऐकू आला असता. दादालाही, मलाही.

आत्तीच म्हणाली, "फोडू नगा. पोरगं हातात येऊ दे आधी."

दादा तिला उचलून आत ठेवायला तयार होता, पण आत ठेवली की ती आत, बाहेर ठेवली की बाहेर. तिला हवी होती ती खोली ही नव्हती. मग आप्पांनी उंबऱ्याच्या दोन्ही अंगांना लाकडी फळ्यांचा उतार केला. बाहेरचा उतार ठीक होता, परडं मोठं. आतला मात्र खडा झाला, कारण लांब करायला जागा नव्हती. फळ्या असताना दार लागायचं नाही, ते अर्धवट ओढून मधे पडदा सोडला. आत्ती खूश. पहिल्याच दिवशी बोळातून गल्लीत गेली, भाजीवालीशी भांडून आली. मी गडहिंग्लजच्या गाडीत बसले तेव्हा मला वाटलं, निभलं.

पाऊस लागला आणि फळ्या भिजल्या. आप्पांनी त्यांच्यावर पोतं ठोकलं होतं, पण पोतं कुजून निसटलं. एका सकाळी ती बाहेरून आत येत होती. उंबऱ्यापर्यंत रेटून चढली, आणि पलीकडं उतरताना गाडा पुढून निसटला. ती उजव्या हातावर पडली. मनगट मोडलं.

दुसऱ्या कुणाचं मनगट मोडलं तर हात मोडला म्हणतात. आत्तीचे पाय ते हातच होते. प्लास्टर निघालं तेव्हा मनगट वाकडं जुळलेलं, मुठीत जोर नाही. वयोमानानं एवढंच व्हायचं, असं डॉक्टर म्हणाले. ठोकळा धरून रेटा द्यायला गेली की मनगटातून कळ यायची. नुसत्या डाव्या हातानं रेटलं की गाडा जागच्या जागी फिरायचा. वाकळेची मोठी सुई तर पाच टाक्यांतच हातातून गळायची. मी भेटायला आले तेव्हा ती सोप्यात होती, तिच्या जुन्या जागेवर. मला रडू आलं नाही, संताप आला, आणि तो काढायला समोर माणूसच नव्हतं. मामांवर काढू? ते दर सणाला तिच्यासाठी गूळ पाठवत होते. आईवर? ती आत्तीला घास भरवत होती. वहिनीवर? आप्पांवर? ज्याच्यावर काढावा तो प्रत्येक जण माझ्याइतकाच रडकुंडीला आलेला होता. सगळी चांगली माणसं, आणि त्यांच्या मधोमध ही बाई बसलेली.

वहिनीला मुलगी झाली. धडधाकट, आत्तीसारखाच आवाज. सगळी आळी पेढे खाऊन गेली. बारशाच्या दुसऱ्या दिवशी सकाळी आप्पा छन्नी-हातोडा घेऊन परड्यात गेले. दादा म्हणाला, मी फोडतो, पण त्यांनी त्याला हात लावू दिला नाही. आईनं उंबऱ्याला शेवटचं हळद-कुंकू लावलं आणि बाजूला झाली. ऊन चांगलं पडलं होतं, म्हणून आत्तीला दादानं उचलून परड्यातल्या शेवग्याखाली बाजेवर बसवलं होतं.

आप्पांनी पहिला घाव घातला, तशी ती म्हणाली, "आरं, कुणासाठी फोडतूयास?"

आप्पा फोडत राहिले. त्यांना दुसरं करण्यासारखं काही उरलंच नव्हतं. दगड चांगल्या खाणीतला होता, दुपारपर्यंत दाद देईना. त्यांच्या हातांना फोड आले. मग तुकडे काढले, खाच सिमेंटनं भरली, थापी फिरवून फिरवून कोबा पहिल्यासारखा गुळगुळीत केला आणि पाणी मारत बसले.

सिमेंट वाळेपर्यंत मी माहेरीच थांबले. निघायच्या दिवशी आप्पांनी भिंतीला उभा केलेला गाडा खाली घेतला, बेअरिंगांना तेल घातलं आणि दारातून एका बोटानं आत ढकलला. तो सरळ समोरच्या भिंतीपर्यंत गेला. त्यांनी तो बाहेर ओढला, पुन्हा ढकलला. कुठंही अडलं नाही. मग ते बाजेवर बसलेल्या आत्तीकडं वळले. त्यांना विचारायचं होतं आणि विचारता येत नव्हतं.

आत्तीनं मान हलवली. "झ्याक झालंय," ती म्हणाली. "आता मला उचलून नेणाऱ्याला ठेच लागायची न्हाय."